पटलं नाही, तरी छापलं

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

"सूर्यावरून मोठं वादळ येतंय, आज रात्री मोबाईल बंद करून लांब ठेवा" असा मेसेज वर्षा-दोन वर्षांनी आपल्या ग्रुपांवर फिरतोच. चांगली शिकलेली मंडळीसुद्धा तो पुढे ढकलतात. मग दुसरी मंडळी उत्तर देतात, की हे सगळं थोतांड आहे. माझ्या मते दोघंही अर्धवट बोलतात. सूर्यावरून वादळं येतात हे खरं आहे. त्यामुळे उशाशी मोबाईल ठेवून झोपलेल्या माणसाला काही होत नाही, हेही खरं आहे. पण ही गोष्ट माणसाला कळली कशी, याचा इतिहास त्या मेसेजपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. त्यात भांडण आहे, मुंबईचा कुलाबा आहे, अलिबाग आहे, एक मद्रासचा माणूस आहे. आणि सार्वजनिक आयुष्यात आपण विसरत चाललेला एक साधा नियम आहे. त्या नियमासाठी हा सगळा प्रपंच.

आधी सौरवारा म्हणजे काय ते थोडक्यात. सूर्याभोवती अतिविरळ वायूचं प्रभामंडळ असतं, त्याला कोरोना म्हणतात. खग्रास ग्रहणात पांढरा पिसारा दिसतो तो हाच. त्याचं तापमान दहा लाख अंशांच्या पुढे. या मंडळातून विजेचा भार असलेले कण, मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, सतत सगळ्या दिशांना वाहत असतात. हा सौरवारा. पृथ्वीपाशी त्याचा वेग साधारण सेकंदाला ४०० किलोमीटर. म्हणजे सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचं १५ कोटी किलोमीटर अंतर तो चार-पाच दिवसांत कापतो. आणि विरळ किती? एका घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजे साखरेच्या चौकोनी वडीएवढ्या जागेत, जेमतेम पाच-दहा कण. वारा म्हणतो खरा, पण हात बाहेर काढला तर काही लागणार नाही.

इतकी विरळ गोष्ट आहे हे कोणाला कसं समजलं?

थोडं मागं जाऊ. १ सप्टेंबर १८५९. लंडनजवळ रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा काटेकोर निरीक्षक दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेवरून डागांची चित्रं काढत होता. सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका मोठ्या गटात त्याला दोन लख्ख ठिपके पेटलेले दिसले. पाच मिनिटांत विझलेसुद्धा. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तेच स्वतंत्रपणे पाहिलं. सतरा-अठरा तासांनी जगभरच्या चुंबकसूच्या सैरभैर झाल्या. अमेरिकेत तारायंत्राच्या तारांमध्ये आपोआप वीज खेळू लागली. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि काही वेळ नुसत्या त्या आकाशातल्या विजेवर निरोप पाठवले.

त्याच वादळाची जगातली एक अत्यंत मोलाची नोंद आपल्या मुंबईत झाली. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली सुरू केली होती. १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी नियमित चाले. त्या काळी माणूस डोळ्यांनी काटा बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. २ सप्टेंबर १८५९ ला कुलाब्याच्या वहीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद आहे. एरवी दिवसभरात चढउतार होतो तो काही दहा नॅनोटेस्लांचा. म्हणजे किती मोठा धक्का, बघा. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ही जुनी नोंद पुन्हा तपासली, आणि त्या वादळाच्या ताकदीचा अंदाज बांधताना आज जग कुलाब्याच्या आकड्यांकडे बघतं.

कॅरिंग्टन मात्र सावध होता. एकदा असं घडलं म्हणून ठिपक्यांमुळेच वादळ आलं असं म्हणायला तो तयार नव्हता. हा त्याचा मोठेपणा. पुढच्या पिढीत मात्र सावधपणाची जागा अधिकाराने घेतली. १८९२ साली लॉर्ड केल्विन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. भौतिकशास्त्रातलं त्यांच्याएवढं वजनदार नाव तेव्हा क्वचितच दुसरं असेल. त्यांनी अध्यक्षीय भाषणात हिशेब मांडला: आठ तासांचं एक चुंबकीय वादळ सूर्याने घडवायचं, तर एरवी चार महिन्यांत प्रकाश आणि उष्णता म्हणून तो जितकी ऊर्जा देतो तितकी त्याला खर्चावी लागेल. अशक्य! म्हणून सूर्याचे डाग आणि पृथ्वीवरची वादळं यांचा संबंध हा निव्वळ योगायोग.

गंमत अशी की हिशेब बरोबर होता. चुकलं होतं ते गृहीत. मधली जागा रिकामी आहे आणि सूर्य लांबून एखाद्या लोहचुंबकासारखा ओढ लावतो, असं धरून तो केला होता. मधून काही वाहत येत असेल, ही शक्यता हिशेबात नव्हतीच.

उत्तर आलं ते पुन्हा नोंदवहीतून. ग्रिनिचच्या वेधशाळेतले वॉल्टर माँडर यांनी जुन्या वादळांच्या तारखा मांडल्या आणि १९०४ साली दाखवून दिलं की बरीच वादळं साधारण २७ दिवसांनी परत येतात. पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्याची एक फेरी व्हायला एवढेच दिवस लागतात. म्हणजे सूर्यावरच्या ठराविक जागेतून काहीतरी झोतासारखं बाहेर पडतं, आणि तो झोत फिरत फिरत आपल्यावर येतो. काय पडतं ते माँडर यांना सांगता येत नव्हतं. पण योगायोग २७ दिवसांचं वेळापत्रक पाळत नसतो!

त्याच साली, १९०४ मध्ये, आपल्याकडे एक निर्णय अमलात आला. मुंबईत घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या ट्राम आणायचं घाटत होतं. विजेचा प्रवाह आला की चुंबकत्व आलं, म्हणजे कुलाब्याचे काटे ट्रामगाड्याच मोजत बसणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय मोजणी खाडीपलीकडे अलिबागला हलवली गेली. तिथली इमारत चुंबकीय नसलेलं साहित्य निवडून बांधली. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुमारे दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जुने आकडे नव्या आकड्यांशी जुळवून घेता यावेत, साखळी तुटू नये म्हणून. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. ट्रामही आली, नोंदही टिकली. शहराच्या वाढीपायी काहीतरी गिळलं जाणारच असं आपण धरून चालतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. अलिबागची ती मोजणी आजही चालू आहे.

आता मुख्य भांडणाकडे येऊ.

१९५० च्या दशकात या विषयात दोन मतं होती, आणि दोन्ही मोठ्या माणसांची. जर्मनीचे लुडविग बीअरमान धूमकेतूंचा अभ्यास करत. धूमकेतू कुठूनही कुठेही जात असो, त्याची वायूची शेपटी कायम सूर्याच्या उलट दिशेला असते. फक्त प्रकाशाच्या दाबाने हे होत नाही, सूर्यातून सतत कणांचा मारा होत असला पाहिजे, असं त्यांनी १९५१ साली मांडलं. दुसरीकडे सिडनी चॅपमन. त्यांनी दाखवलं की प्रभामंडळाचा तप्त वायू उष्णता इतक्या उत्तम रीतीने वाहून नेतो की ते मंडळ पृथ्वीच्याही पलीकडे पसरलेलं असणार. पण स्थिर, जागच्या जागी.

शिकागो विद्यापीठात यूजीन पार्कर नावाचा तिशीचा प्राध्यापक दोघांचंही काम वाचून अडला. चॅपमन म्हणतात तिथे स्थिर वायू भरलाय. बीअरमान म्हणतात त्याच जागेतून कणांचा झोत जातोय. दोन्ही एकाच वेळी कसं? चुंबकीय क्षेत्र असलेल्या जागेत असा झोत दुसऱ्या वायूतून आरपार सुखासुखी निघून जाऊ शकत नाही. पार्करला वाटलं, ही दोन नाहीतच. एकच वायू आहे. सूर्याजवळ तो जवळजवळ स्थिर दिसतो आणि लांब गेला की सुसाट वाहतो.

त्याने गणित केलं. प्रभामंडळ इतकं तापलेलं आहे की लांबवर गेल्यावरही त्याचा दाब पुरता ओसरत नाही, आणि बाहेरच्या अवकाशात त्याला थोपवून धरणारं पुरेसं काही नाही. म्हणून ते जागेवर राहूच शकत नाही. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची पकड सैल होत जाते तसा वायू वेग घेत जातो आणि शेवटी आवाजाच्या वेगापेक्षाही जोरात, सेकंदाला शेकडो किलोमीटरने, बाहेर पळतो. पार्करने त्याला नाव दिलं सौरवारा.

दुसरा निष्कर्ष सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राबद्दल होता. हा वायू आपल्याबरोबर सूर्याच्या चुंबकीय रेषाही ओढत नेतो. पण सूर्य स्वतःभोवती फिरतोय. उसाला किंवा भुईमुगाला पाणी देणारी रेनगन चालू असताना तुम्ही पाहिली असेल. तोटी गोल फिरते. प्रत्येक थेंब सरळच बाहेर जातो, पण हवेतली पाण्याची धार वळलेली दिसते. तसंच इथं. कण सरळ जातात, चुंबकीय रेषा मात्र चक्रीसारख्या वळतात. पृथ्वीपाशी त्या सूर्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करतात. याला आज पार्कर चक्री म्हणतात.

हा लेख त्याने अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलला पाठवला. नियमाप्रमाणे तो जाणकार परीक्षकांकडे गेला. पहिल्या परीक्षकाने नाकारला. या माणसाने लिहिण्याआधी जरा ग्रंथालयात जाऊन विषय वाचावा, अशा थाटाचा शेरा. दुसऱ्यानेही नाकारला.

संपादकाच्या खुर्चीत कोण होतं? सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. जन्म लाहोरचा, घर तमिळ, शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, सी. व्ही. रामन यांचे पुतणे, आणि आता पार्करच्याच विद्यापीठात प्राध्यापक. चंद्रशेखर यांनाही पार्करची कल्पना पटलेली नव्हती. ते पार्करच्या खोलीत आले आणि म्हणाले, की या विषयातल्या नामवंतांना दाखवलं, ते चूक म्हणतात. पार्करचं उत्तर एवढंच होतं: परीक्षकांना लेख आवडलेला नाही हे दिसतंय, पण गणितात किंवा तर्कात नेमकी चूक कुणीच दाखवलेली नाही. चंद्रशेखर यांनी विचार केला आणि लेख छापला. नोव्हेंबर १९५८ च्या अंकात तो आला.

ज्यांना चंद्रशेखर यांचं पूर्वायुष्य ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट जास्त भिडते. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत चोवीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला एक मर्यादा असते, हे मांडलं. त्यांच्यानंतर लगेच उठले ते आर्थर एडिंग्टन. त्या काळातलं खगोलशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांनी भर सभेत या कामाची खिल्ली उडवली. सभा हसली. चंद्रशेखर बरोबर होते, आणि ताऱ्यांवरच्या कामासाठी त्यांना १९८३ साली नोबेल मिळालं. हा अनुभव घेतलेला माणूस मोठा होऊन जेव्हा निर्णयाच्या खुर्चीत बसला, तेव्हा "मला पटत नाही" आणि "हे चूक आहे" या दोन वाक्यांतला फरक त्याने पाळला. मला सांगायचा तो नियम हाच.

पण छापून आलं म्हणजे खरं ठरलं असं नाही. जोसेफ चेंबरलेन यांनी त्याच समीकरणांतून दुसरं उत्तर काढलं: वारा वगैरे काही नाही, नुसती झुळूक, सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास. पार्कर म्हणतो शेकडो, चेंबरलेन म्हणतात वीस. आता वाद शब्दांचा उरला नाही, आकड्याचा झाला. आणि आकडा जमिनीवर बसून मोजता येत नव्हता. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला बाजूने वळवून लावतं. तो मोजायचा तर त्या कवचाबाहेर जायला हवं होतं.

नेमका तोच काळ यानं उडण्याचा होता. १९५९ साली सोव्हिएत संघाची ल्युना यानं चंद्राकडे निघाली. कॉन्स्टँटिन ग्रिंगाउझ यांनी बनवलेले कण पकडणारे सापळे त्यांवर होते. पृथ्वीच्या कवचाबाहेर गेल्यावर त्यांत भारित कणांचा प्रवाह नोंदला गेला. काहीतरी वाहतंय याचा हा पहिला थेट पुरावा. पण नेमका वेग आणि सातत्य त्यातून ठरत नव्हतं, आणि शीतयुद्धात एका गोटाचा आकडा दुसऱ्या गोटाला लगेच पटत नसे.

मग १९६२. अमेरिकेचं मरिनर-१ शुक्राकडे निघालं आणि उड्डाणातच भरकटल्याने ते नष्ट करावं लागलं. पाच आठवड्यांनी, २७ ऑगस्टला, मरिनर-२ उडालं. सुमारे २०० किलोचं यान. वाटेत एक सौरपट्टी बंद पडली, पण तोवर ते सूर्याच्या इतकं जवळ गेलं होतं की उरलेल्या एका पट्टीवर भागलं. त्यावर मार्शिया न्यूगेबॉवर आणि कॉन्वे स्नायडर यांचं सौरवारा मोजणारं उपकरण होतं. शंभराहून जास्त दिवस त्याने मोजणी केली. निकाल असा: वारा एकदाही थांबला नाही. वेग सेकंदाला ३०० ते ७०० किलोमीटर आणि कधी त्याहून जास्त. झुळूक नव्हे, वाराच.

आणि आकड्यांत आणखी एक गोष्ट होती. जोराचे झोत २७ दिवसांनी परत येत होते. माँडर यांनी १९०४ साली ग्रिनिचच्या वह्यांमधून काढलेलं वेळापत्रक आता यानाने अवकाशात पाहिलं.

राहिली चक्री. नोव्हेंबर १९६३ मध्ये आयएमपी-१ हा उपग्रह गेला. त्यावरच्या नॉर्मन नेस यांच्या चुंबकमापकाने चुंबकीय रेषा मोजल्या. त्या सरासरीने पार्करच्या चक्रीच्याच दिशेत निघाल्या. शिवाय नेस आणि जॉन विलकॉक्स यांना दिसलं की अवकाश फाकांमध्ये वाटलेलं आहे. एका फाकेत चुंबकीय रेषा सूर्याकडून बाहेर, पुढच्या फाकेत बाहेरून सूर्याकडे. सूर्य फिरतो तशा या फाका पृथ्वीवरून सरकत जातात.

१९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी स्विस शास्त्रज्ञांनी दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक पातळ पत्रा सूर्यासमोर उभा केला. ७७ मिनिटं तो सौरवाऱ्यात राहिला, मग गुंडाळून पृथ्वीवर आणला. चंद्रावरच्या झेंड्याचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. सूर्याचे कण पकडून आणणारा पत्रा मात्र कुणाच्या लक्षात नाही!

आता इथे "पार्कर जिंकला, इतर हरले" असा शिक्का मारून थांबता येईल. पण तसं झालं नाही, आणि मला इतिहासाचा हाच भाग जास्त आवडतो. पार्करला लावलेली फूटपट्टी पुढे पार्करच्या सिद्धांतालाही लावली गेली. १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत प्रभामंडळात काळी भगदाडं दिसली. जोराचा वारा तिथून सुटतो, कारण तिथल्या चुंबकीय रेषा परत न वळता थेट अवकाशात जातात. युलिसिस यान १९९० साली निघालं, गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा झोका घेऊन सूर्याच्या ध्रुवांवरून गेलं, आणि त्याला दिसलं की सूर्य शांत असताना ध्रुवांकडून सेकंदाला सुमारे ७५० किलोमीटरचा वारा अखंड वाहतो. नुसत्या उष्णतेच्या दाबाने इतका वेग येत नाही. चुंबकीय क्षेत्रातून आणखी ऊर्जा मिळत असली पाहिजे. म्हणजे पार्करचं पहिलं गणित बरोबर, पण पुरेसं नाही.

युलिसिसची एक कडू बाजूही सांगतो. मुळात दोन यानं जायची होती, एक युरोपचं आणि एक अमेरिकेचं. एक उत्तरेकडून, दुसरं दक्षिणेकडून. १९८१ साली खर्चाच्या कात्रीत अमेरिकेने आपलं यान रद्द केलं. युरोपने निषेध केला, उपयोग झाला नाही. एकच गेलं. दोन्ही ध्रुव एकाच वेळी मोजायची संधी गेली ती गेली.

"पण याचा सामान्य माणसाला उपयोग काय?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. १३ मार्च १९८९. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात पहाटे सौरवादळामुळे जमिनीत आणि तारांत प्रवाह उसळले आणि दीड मिनिटात सगळं वीजजाळं कोसळलं. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात, तेही कडाक्याच्या थंडीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास गेले. वादळाने वरचं वातावरण तापून फुगलं आणि उपग्रह त्यात ओढले गेले. ते वादळ फार मोठंसुद्धा नव्हतं. मे २०२४ च्या मोठ्या वादळात तर लडाखमधल्या हान्लेवरून आकाश तांबडं झालेलं दिसलं. आज वीज, विमानं, बँका, नांगरणीचे जीपीएसवाले ट्रॅक्टर सगळं या जाळ्यांवर उभं आहे.

मग इशारा द्यायचा कसा? यात चुंबकीय क्षेत्राची दिशा निर्णायक ठरते. वाऱ्याबरोबर आलेलं क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळतं, कवचाचं दार उघडतं आणि ऊर्जा आत घुसते. उत्तरेकडे असेल तर तेवढाच जोरदार वारा बराचसा बाजूने निघून जातो. ही दिशा सूर्याकडे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही, वाटेत उभं राहून मोजावी लागते. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर एल-१ नावाचा बिंदू आहे, तिथे यान थोड्या इंधनात टिकून राहतं. १९७८ साली आयसी-३ तिथे पहिल्यांदा गेलं. नंतर सोहो, एस, डिस्कव्हर अशी यानं गेली. तिथून इशारा मिळतो तो अर्ध्या ते एक तासाचा. पण वीजजाळं सांभाळणाऱ्याला तेवढ्या वेळात भार कमी करता येतो.

आता आपलंही यान तिथे आहे. आदित्य-एल१ हे २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून उडालं आणि ६ जानेवारी २०२४ ला ठिकाणी पोचलं. तारीख बघा: कुलाब्याच्या वहीत ती घसरण नोंदली गेली त्याला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षं झाली होती. त्यावरच्या सात उपकरणांपैकी अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली आहे. सौरवारा मोजणारी उपकरणं अहमदाबाद आणि तिरुवनंतपुरमची. चुंबकमापक बंगळुरूचा, आणि तो यानाच्या अंगावर न बसवता सहा मीटर लांब दांड्यावर बसवलाय. का? कारण यानातल्या विजेचंही चुंबकत्व असतं, त्याच्यापासून लांब जायला हवं. ट्रामपासून लांब जायला कुलाब्याची मोजणी अलिबागला गेली, तीच ही गोष्ट.

१२ ऑगस्ट २०१८ ला नासाचं पार्कर सोलर प्रोब उडालं. हयात माणसाचं नाव दिलेली नासाची ही पहिली मोहीम. ९१ वर्षांचे पार्कर उड्डाण पाहायला स्वतः हजर होते. २८ एप्रिल २०२१ ला ते यान प्रभामंडळाच्या आत शिरलं, सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची पकड अजून वाऱ्यावर पक्की असते त्या हद्दीत. या यानाला चुंबकीय रेषा मध्येच उलट्या वळून परत सरळ होताना दिसल्या, नागमोडी. पार्करच्या १९५८ च्या सुबक चक्रीत हे वळण नव्हतं. मार्च २०२२ मध्ये ते वारले. २४ डिसेंबर २०२४ ला यान सूर्याच्या पृष्ठभागापासून फक्त ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. प्रभामंडळ एवढं तापतं कशाने, या प्रश्नावरचा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

असो. यातून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. आपण रोज ज्या वादांत पडतो, गावच्या धरणाचा असो, शाळेच्या पुस्तकाचा असो, इतिहासातल्या तारखेचा असो, त्यात मत मांडणारा कोण आहे हे आपण आधी बघतो. कोणत्या गटाचा, कोणत्या पक्षाचा, वय काय, शिकलाय किती. मग पटत नसेल तर त्याला बोलूच द्यायचं नाही. चंद्रशेखर यांनी उलट केलं. दोन जाणकार विरोधात, स्वतःचं मत विरोधात, समोरचा वयाने लहान. तरी चूक दाखवता येत नाही ना, मग मांडू दे. निकाल पुढे मोजणी लावेल. यात त्यांनी स्वतःचं मत सोडलं नाही, नुसता रस्ता अडवला नाही. ग्रामसभेपासून संपादकाच्या टेबलापर्यंत कुठेही पाळता येईल असा हा नियम आहे. त्याला यान लागत नाही.

दुसरी. मोजणी कोणीतरी आधी करून ठेवलेली असावी लागते. कुलाब्यात काटा वाचणाऱ्या कारकुनाला आपल्या आकड्यांचं दीडशे वर्षांनी काय होणार हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडे गावागावांतल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, विहिरींच्या पाणीपातळीच्या वह्या, जुने दवाखान्यांचे रजिस्टर यांचं काय होतं हे तुम्ही जाणता. रद्दीत जातात. अधिकारी बदलला की पद्धत बदलते, साखळी तुटते. आणि मग दुष्काळावर, पुरावर, रोगावर वाद झाला की आपल्या हातात आकडा नसतो. उरतो तो आवाज.

तुमच्या गावात, तालुक्यात अशी कुठली जुनी नोंद कोणी सांभाळून ठेवली असेल तर खाली जरूर लिहा. विरोधी मत असेल तर तेही लिहा. फक्त चूक कुठे आहे ते दाखवा.